उत्तर उताऱ्यातच असते

पाचवीतल्या मुलाला नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसवायचे ठरले की भंडारा जिल्ह्यातल्या घरात आधी गणिताच्या क्लासची चौकशी होते, मग बुद्धिमत्तेच्या पुस्तकाची. भाषेचे नाव कोणी काढत नाही, कारण मराठी काय, पोराला येतेच! आता पेपर पाहा. एकूण ८० प्रश्न, १०० गुण, वेळ दोन तास. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०. म्हणजे अंकगणिताला २५ गुण, तर भाषेलाही २५च. भाषेच्या वीस प्रश्नांसाठी चार उतारे असतात आणि प्रत्येकाखाली पाच प्रश्न. पाठांतराचा इथे फारसा उपयोग नाही. उत्तर समोर छापलेले असते, आणि तरी मुले चुकतात.

या चुका महाग पडतात. एका नवोदय विद्यालयात सहावीच्या जागा साधारण ८०, त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांच्या, आणि परीक्षेला बसायची संधी आयुष्यात एकदाच. एकेक प्रश्न सव्वा गुणाचा असल्यामुळे दोन प्रश्न घाईत गेले की अडीच गुण गेले. मेरिट यादीच्या टोकाशी एवढ्या फरकात कितीतरी नावे मावतात.

नवोदय हुकले तरी उतारा पाठ सोडत नाही. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत मराठी माध्यमाच्या मुलांना दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांसाठी सोडवावे लागतात. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ मराठीचे आणि २५ इंग्रजीचे होते. २०० पैकी १०० गुण भाषांचे! राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सीसॅट पेपरात ८० प्रश्न असतात आणि त्यांतले अर्ध्याहून अधिक उताऱ्यांवर बेतलेले असतात. हा पेपर आता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के मिळाले की झाले. पण तेवढे मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरातले गुण कितीही असोत, मोजलेच जात नाहीत.

शिक्षकही यातून सुटलेले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, बंधनकारक ठरवली. टीईटीच्या पहिल्या पेपरात १५० पैकी ६० प्रश्न दोन भाषांचे. त्यामुळे आज एकाच शाळेत विद्यार्थिनी नवोदयचे उतारे सोडवते आहे आणि तिचे गुरुजी टीईटीचे, असे चित्र सहज दिसू शकते. दोघांच्या वयात तीस-पस्तीस वर्षांचे अंतर असेल, पण दोघांकडे मागितलेले कौशल्य एकच आहे: लिहिलेले तेवढेच वाचणे.

बोलीतून प्रमाण भाषेकडे

‘मराठी येतेच’ हे गृहीतक भंडाऱ्यात जरा तपासून घ्यावे लागते. इथल्या खेड्यातले मूल मराठी बोलते, पण ती पेपरातली मराठी नव्हे. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’, ‘श’चा ‘स’. डोळ्याला डोरा म्हणणाऱ्या घरातून मूल शाळेत येते आणि पुस्तकात डोळा वाचते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीची नोंद आणि मांडणी केली, तिच्यात साहित्य उभे राहिले, संमेलने झाली. झाडीबोलीशिवाय कुठे घरात पवारी, कुठे गोंडी, तर तुमसरच्या बाजूला हिंदीची सतत ये-जा.

म्हणजे प्रमाण मराठीतला उतारा या मुलाला निम्मा ओळखीचा आणि निम्मा परका असतो. ‘परिणामी’, ‘तथापि’, ‘अन्यथा’, ‘वगळता’ हे शब्द घरात कोणी वापरत नाही. उताऱ्याचा अर्थ मात्र नेमका याच शब्दांपाशी वळण घेतो. मुलाची बोली सुधारणे हा याच्यावरचा उपाय नाही. बोली तशीच राहू द्यावी आणि रोज दहा मिनिटे मोठ्याने प्रमाण मराठी वाचून घ्यावी. कानाला या जोडशब्दांची सवय झाली की डोळा त्यांच्यापाशी आपोआप थांबतो. दोन भाषारूपांत ये-जा करणाऱ्या मुलाला तिसरे, म्हणजे इंग्रजीचे, शिकायला हीच सवय उपयोगी पडते.

वाचायला काय द्यावे, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मोठ्यांसाठी मराठी विश्वकोशातल्या नोंदी आहेत. एक नोंद म्हणजे जवळजवळ एक तयार उताराच. वर्तमानपत्राचे संपादकीय पान वाचावेच, पण शेती, विज्ञान, अर्थकारण यांची पाने सोडू नयेत. त्याचे कारण पुढे येईल.

चार पर्याय, तीन सापळे

उतारा चुकतो कसा, हे प्रत्यक्ष पाहू. पुढचा उतारा या प्रकरणासाठी रचला आहे.

‘धानाला पाणी मिळावे म्हणून गोंड राजवटीत कोहळी समाजाने पूर्व विदर्भात अनेक तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले, तरी माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, हे नाव टिकून राहिले. गाळ साचल्याने यांतल्या पुष्कळ तलावांची साठवण घटली आहे. गाळ काढला की साठवण वाढते. मात्र खोदकाम पाळीच्या पायथ्यापर्यंत नेले तर पाळ कमजोर होते.’

प्रश्न: उताऱ्यानुसार तलावाची पाळ कशामुळे कमजोर होते? (१) गाळ साचल्याने. (२) गाळ काढल्याने. (३) खोदकाम पायथ्यापर्यंत नेल्याने. (४) मुसळधार पावसाने.

बरोबर उत्तर तिसरे. पण शिकण्यासारखे आहे ते उरलेल्या तिघांत. पहिल्या पर्यायातले शब्द उताऱ्यातलेच आहेत, फक्त त्यांची जोडी बदलली आहे. गाळ साचल्याने साठवण घटते. पाळीचा तिथे संबंध नाही. भरभर नजर फिरवणाऱ्याला ओळखीचा शब्द दिसतो आणि तो गोळा रंगवून मोकळा होतो. दुसरा पर्याय अर्धा खरा आहे. उताऱ्यातली ‘पायथ्यापर्यंत नेले तर’ ही अट त्याने गाळून टाकली आहे. चौथा पर्याय सगळ्यांत धूर्त. अतिवृष्टीत पाळ फुटल्याचे या जिल्ह्यातल्या कुठल्याही मुलाने ऐकलेले असते, त्यामुळे तो खराच वाटतो. बाहेरच्या जगात तो खरा आहेही, पण उताऱ्यात नाही. आणि प्रश्नाची सुरुवातच ‘उताऱ्यानुसार’ अशी आहे.

बदललेली जोडी, गाळलेली अट आणि बाहेरून आणलेले सत्य. नवोदयपासून सीसॅटपर्यंत चुकीचे पर्याय बहुधा या तीनच साच्यांतून निघतात. त्यांच्या जोडीला एक छोटा सापळा असतो, तो प्रमाणाचा. उताऱ्यात ‘पुष्कळ तलावांची’ आहे. पर्यायात ‘सर्व मामा तलावांची साठवण घटली आहे’ असे येते आणि विधान चुकीचे होते. ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘एकमेव’ हे शब्द पर्यायात दिसले की उताऱ्यात परत जाऊन तपासायचेच.

परदेशी जाणारे विद्यार्थी देतात त्या आयईएलटीएस परीक्षेच्या वाचन विभागात ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात. त्यांतल्या एका प्रकारात प्रत्येक विधानाला तीन उत्तरे शक्य असतात: खरे, खोटे आणि ‘दिलेले नाही’. हे तिसरे उत्तर आपल्या परीक्षांत छापलेले नसते, पण सरावात ते वापरून पाहावे. मुसळधार पावसाचे विधान खोटे नाही. ते ‘दिलेले नाही’. हा फरक ज्याला जमला, त्याचे निम्मे काम झाले.

माहिती असणे: फायदा आणि धोका

१९८८ मध्ये डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकी संशोधकांनी शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन मुलांना वाचायला दिले. काही मुले वाचनात हुशार होती, काही कच्ची. आणि दोन्ही गटांत बेसबॉल जाणणारी व न जाणणारी मुले होती. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा उताऱ्याचा अर्थ अधिक चांगला सांगू शकली. वाचन हे विषयाच्या माहितीवर किती अवलंबून असते, याचे हे आजही दिले जाणारे उदाहरण आहे.

हा निष्कर्ष भंडाऱ्याला लावून पाहा. लाखांदूरच्या मुलाला परे, रोवणी, बांधी, चुरणे हे समजावून सांगावे लागत नाही. धानावरचा उतारा तो एका वाचनात संपवतो. उतारा शेअर बाजारावर किंवा प्रवाळ बेटांवर आला की तोच मुलगा अडखळतो. त्याचे वाचन एका दिवसात बिघडलेले नसते, विषय अनोळखी असतो एवढेच. म्हणून वर्तमानपत्राची सगळी पाने वाचायची. परीक्षेत नेमका तोच लेख येईल म्हणून नव्हे. व्याजदर, लस, उपग्रह, निवडणूक या शब्दांना आधी एकदा भेटलेले असावे म्हणून.

पण हीच माहिती मामा तलावाच्या प्रश्नात चौथ्या पर्यायाकडे ओढते. ओळखीचा उतारा वेगात वाचता येतो आणि ओळखीच्याच उताऱ्यात माणूस स्वतःचे उत्तर लिहून येतो. इलाज साधा आहे. सरावात प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवायचे. ओळ सापडली नाही तर उत्तर कितीही खरे वाटो, ते आपल्या डोक्यातून आलेले आहे. परीक्षा संगणकावर असली तर बोटाचे काम नजरेने करावे लागते. म्हणून घरी कागदावर ही सवय पक्की करून घ्यावी आणि परीक्षेआधीच्या महिन्यात सराव चाचण्या पडद्यावरच द्याव्यात.

वेगाचे काय?

नवोदयच्या भाषा विभागासाठी साधारण ३० मिनिटे धरली जातात. म्हणजे एका उताऱ्याला साडेसात मिनिटे. तलाठीच्या पेपरात १२० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. त्यामुळे ‘वेग वाढवा’ सांगणारे व्हिडिओ खूप पाहिले जातात.

वेगाबद्दल संशोधन काय सांगते, तेही ऐकावे. बेल्जियमचे मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा माहितीपर इंग्रजी मजकूर मनात वाचण्याचा प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २३८ शब्द निघाला. याच्या कितीतरी पट वेगाचा दावा करणाऱ्या ‘स्पीड रीडिंग’ तंत्रांचा समाचार कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये घेतला होता. वेग फार ताणला की आकलन घटते, हे त्यांनी दाखवले. वेग वाढतो तो शब्द आणि विषय ओळखीचे झाल्याने. डोळे फिरवण्याच्या युक्त्यांनी नव्हे.

वेळ खरा वाया जातो तो पुन्हा पुन्हा वाचण्यात. उतारा एकदा वाचला, प्रश्न पाहिला, परत सगळा उतारा, पुन्हा दुसरा प्रश्न, परत सगळा उतारा. त्याऐवजी आधी फक्त प्रश्न वाचावेत, पर्याय नव्हेत. मग उतारा एकदाच, शांतपणे, पूर्ण. प्रत्येक परिच्छेद कशाबद्दल आहे हे मनात चार शब्दांत म्हणावे. त्यानंतर प्रश्न घेतला की सगळा उतारा चाळावा लागत नाही; कुठल्या परिच्छेदात जायचे ते माहीत असते. पर्याय आधी वाचणाऱ्याचे नुकसान असे की चारांतली तीन चुकीची वाक्ये उताऱ्याच्याही आधी त्याच्या डोक्यात जाऊन बसतात.

इंग्रजीची भीती आणि मराठीची सावली

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असे. आज भरतीला बसणाऱ्या पिढीने शाळेत दहा-बारा वर्षे इंग्रजी पाहिलेले आहे. तलाठीसारख्या पदवीच्या पदांनाही मराठी आणि इंग्रजीचा दर्जा बारावीचाच ठेवलेला आहे. तरी अनेक उमेदवार इंग्रजीचे २५ प्रश्न शेवटी ठेवतात आणि अंदाजाने उरकतात.

समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द, रिकाम्या जागा, वाक्यातली चूक शोधणे, प्रयोग बदलणे, वाक्प्रचार, शब्दसमूहाबद्दल एक शब्द, वाक्यांचा क्रम लावणे आणि एखादा उतारा हा नेहमीचा साचा. यांत मराठी माणूस जिथे चुकतो, त्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या आहेत, कारण त्या मराठीच्या घडणीतून येतात.

मराठीत आर्टिकल नाही. त्यामुळे ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ गाळणे किंवा नको तिथे घालणे हा पहिला दोष. इथे नियम स्पेलिंगचा नसून उच्चाराचा आहे. ‘अॅन अवर’ बरोबर, कारण तोंडातून पहिला निघतो तो स्वर; ‘अ युनिव्हर्सिटी’ बरोबर, कारण तिथे सुरुवातीला ‘य’ ऐकू येतो. मोठ्याने म्हणून पाहिले की यातल्या बहुतेक रिकाम्या जागा सुटतात.

दुसरा दोष शब्दयोगी अव्ययांचा. मराठीत लग्न कोणाशी तरी होते, म्हणून आपण ‘मॅरिड विथ’ लिहितो. हवे असते ‘मॅरिड टू’. चर्चा एखाद्या विषयावर होते, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ सुचते; इंग्रजीत ‘डिस्कस’च्या पुढे थेट विषय येतो. ‘दोन वर्षांपासून’मुळे ‘सिन्स टू इयर्स’ तोंडात बसते. कालावधी सांगायचा तर ‘फॉर टू इयर्स’, आणि आरंभबिंदू सांगायचा तर ‘सिन्स २०२३’. अशा जोड्यांची एक वही करावी. डावीकडे मराठीने सुचवलेले चुकीचे रूप, उजवीकडे बरोबर वाक्य. बाजारातल्या जाड पुस्तकातले नियम पाठ करण्यापेक्षा ही पातळ वही जास्त गुण देते.

तिसरी जागा कर्ता आणि क्रियापदाच्या मेळाची. ‘द कलर ऑफ द ब्रास पॉट्स इज ब्राइट’ या वाक्यात भांडी अनेक आहेत, पण रंग एकच. क्रियापद रंगाशी जुळते. पेपर काढणारा कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये मुद्दाम अनेकवचनी शब्द ठेवतो. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन तुमसर’ या वाक्यात दोन्हींकडे लक्ष द्यावे लागते: ‘फ्रेंड्स’ अनेकवचनी, ‘लिव्ह्ज’ एकवचनी. चूक शोधायचा प्रश्न आला की आधी क्रियापद शोधावे, मग त्याचा खरा कर्ता; मधले शब्द बोटाने झाकावेत.

शब्दसंग्रहाचे घोडे बहुतेकांचे याद्यांपाशी अडते. रोज पन्नास शब्दांची यादी वाचली जाते आणि आठवड्यात विसरली जाते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की शिकलेल्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांत निसटतो, आणि अंतराने केलेली उजळणी ही गळती रोखते. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांचे दोन प्रकारचे अभ्यास ताडून पाहिले. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. पण आठवड्यानंतर, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे गेले. म्हणून रोज दहाच शब्द, प्रत्येक एका वाक्यात. दुसऱ्या दिवशी वाक्यातला तो शब्द झाकून आठवायचा; मग तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी. आठवताना त्रास होतो तोच खरा अभ्यास. पुन्हा वाचताना वाटते ती ओळख असते.

अंदाजाचा हिशेब

न आलेला प्रश्न सोडावा की मारावा? उत्तर परीक्षेच्या नियमात आहे. नवोदय, टीईटी आणि २०२३ ची तलाठी भरती यांत चुकीच्या उत्तराला गुण कापलेले नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणे हा तोटा. सीसॅटमध्ये बरोबर उत्तराला अडीच गुण आणि चुकीला त्याचा चौथा भाग, म्हणजे ०.६२५, वजा होतो. चारांपैकी डोळे मिटून एक निवडला तर सरासरी जेमतेम ०.१६ गुण पदरात पडतात. पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले आणि उरलेल्या दोनांतून एक निवडला, तर सरासरी ०.९४ गुण मिळतात. उताऱ्याच्या प्रश्नात दोन पर्याय बाद करणे बहुधा जमतेच, कारण सापळ्यांचे साचे आता माहीत आहेत. शिष्यवृत्तीच्या आठवीच्या पेपरचा नियम आणखी वेगळा होता: वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही गोळे रंगवल्याशिवाय गुण मिळत नसत. तिथे पहिला बरोबर पर्याय सापडला म्हणून थांबणारा फसत असे.

चुकांची वही

सराव चाचण्या खूप देणारे आणि तरी जागच्या जागी राहणारे उमेदवार भंडारा, तुमसर, साकोलीच्या कुठल्याही अभ्यासिकेत भेटतात. ते गुण मोजतात, चुका वाचत नाहीत. एका चाचणीला जितका वेळ लागला, तितकाच तिच्या तपासणीला द्यावा आणि प्रत्येक चुकीला वहीत चारांपैकी एक रकाना द्यावा: शब्द माहीत नव्हता, नियम माहीत नव्हता, वेळ संपला, किंवा ओळ न पाहता उत्तर दिले.

पहिल्या दोन रकान्यांचे औषध अभ्यास आहे, तिसऱ्याचे सराव. चौथ्या रकान्याला मात्र कुठल्याही पुस्तकाचा उपयोग नाही. तो फक्त बोट ठेवण्याच्या सवयीनेच रिकामा होतो, आणि सुरुवातीला तोच सगळ्यांत भरलेला असतो. म्हणून क्लास बदलण्याआधी, नवे पुस्तक घेण्याआधी, गेल्या पाच चाचण्यांच्या चुका या चार रकान्यांत मांडून पाहाव्यात. चौथा रकाना भरलेला असेल तर ती फी तूर्त वाचवावी. जुन्याच पेपरांचे उतारे काढून प्रत्येक उत्तराची ओळ शोधायला बसावे.